स्पेनच्या सनदा: हक्क की मेहेरनजर?

इंग्लंडच्या मॅग्ना कार्टाचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १२१५ साली रनीमीडच्या कुरणावर सरदारांनी जॉन राजाला गाठले आणि त्याच्याकडून आपले हक्क लिहून घेतले, ही कथा पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाते. त्याच्या कितीतरी आधीपासून स्पेनमधील राजे लहानमोठ्या गावांना, कित्येकदा अजून पुरती वसलेलीही नसलेल्या वस्त्यांना, हक्क लिहून देत होते. ती गोष्ट मात्र आपल्या कानावर सहसा येत नाही. इंग्रजी अमदानीत घडलेल्या आपल्या इतिहासशिक्षणात स्पेनला जागा मिळाली ती कोलंबसाच्या गलबतांपुरती आणि बुडालेल्या आरमारापुरती.

या सनदांना स्पेनमध्ये ‘फुएरो’ म्हणतात. शब्द मूळ लॅटिन ‘फोरम’वरून आलेला. फोरम म्हणजे जिथे बाजार भरतो आणि न्यायनिवाडाही होतो तो चौक. पुढे त्या जागेचा कायदा, तो कायदा ज्यात लिहिला ती सनद आणि त्या सनदेने मिळालेली सवलत, अशा तिन्ही अर्थांनी तो वापरला जाऊ लागला. हक्क आणि सवलत यांना एकच शब्द असावा, यात स्पेनच्या आठ-नऊशे वर्षांच्या भांडणाचे मूळ आहे.

इ. स. ७११ मध्ये मुसलमानी सैन्याने जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडली आणि थोड्याच वर्षांत उत्तरेकडील डोंगराळ पट्टा सोडून सारे द्वीपकल्प त्यांच्या हाती गेले. त्या डोंगरांतून ख्रिस्ती राज्ये हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागली. जिंकलेला मुलुख राखायचा तर तेथे माणूस हवा होता, आणि सरहद्दीवर, जेथे दर उन्हाळ्यात घोडेस्वारांची धाड येणार, तेथे सुखासुखी राहायला कोण जाणार? जमीन मुबलक होती. दुर्मिळ होता तो माणूस. मराठेशाहीत ओसाड गाव वसवण्यासाठी कौलनामा देत आणि काही वर्षे सारा माफ करीत, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. स्पेनच्या राजांनी तोच मार्ग धरला. मात्र त्यांनी साऱ्याबरोबर कायद्यातही सूट दिली.

१०७६ साली सहाव्या आल्फोन्सोने सेपूल्वेदा या गावाला दिलेली सनद वाचली की ही गरज किती निकडीची होती ते कळते. खून करून वा दुसऱ्याची मुलगी पळवून एखादा या गावाच्या आश्रयाला आला, तर त्यालाही तेथे अभय होते. सभ्य माणसे मिळत नसतील तर गुन्हेगार चालतील, असा हा रोखठोक व्यवहार. त्याच राजाने १०९५ मध्ये लोग्रोन्यो गावाला सनद दिली. राजाचा शिपाई जबरदस्तीने कोणाच्या घरात शिरला आणि तेथे मारला गेला, तर त्याच्या खुनाचा दंड गावकऱ्यांनी भरायचा नाही, असे तिच्यात म्हटले आहे. स्वतःच्याच नोकराच्या जिवाबद्दल असे लिहून देणारा राजा फार उदार होता असे नव्हे. तो अडलेला होता. ॲरागॉनमधील हाका गावाच्या सनदेने वर्ष आणि एक दिवस ज्याने जमीन निर्वेध कसली ती त्याची, असा नियम घालून दिला. लोग्रोन्योची सनद पुढे अनेक गावांनी जशीच्या तशी उचलली. १३०० मध्ये स्थापन झालेल्या बिल्बाओ शहराला हीच सनद मिळाली. राज्ये वेगळी, राजे एकमेकांचे वैरी. पण चांगली सनद मात्र या गावातून त्या गावात, एखाद्या बियाण्यासारखी नेली जात होती.

या सर्व सनदांत कुएन्का शहराची सनद सर्वांत भरगच्च आणि वाचायला सर्वांत मनोरंजक आहे. खोल दऱ्यांच्या कड्यावर वसलेले हे शहर कॅस्टिलच्या आठव्या आल्फोन्सोने १९७७ च्या बरोबर आठशे वर्षे आधी, म्हणजे ११७७ मध्ये, दीर्घ वेढ्यानंतर घेतले आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत त्याला चाळीसहून अधिक प्रकरणांची सनद मिळाली. येथे वस्तीला येणारा ख्रिस्ती असो, मुसलमान असो वा यहुदी, स्वतंत्र असो वा गुलाम, त्याने निर्भयपणे यावे. शहर जिंकले जाण्यापूर्वीचे कर्ज, वैर वा जामीनकी यांसाठी त्याला कोणी जाब विचारू नये, असे ती सांगते. शहरात वाडे दोनच, एक राजाचा आणि दुसरा बिशपचा. बाकी घर श्रीमंताचे असो की गरिबाचे, कायदा एकच. सरदार जरी राहायला आला तरी त्याला दंड इतरांइतकाच. न्यायाधीश दरवर्षी संत मायकेलच्या सणानंतरच्या रविवारी निवडायचा आणि त्याचे शहरात घर व दारात घोडा हवा. आईबापांच्या मिळकतीत मुलगे व मुली यांचा वाटा सारखा. मठातील संन्याशांना जमीन विकण्यास वा देण्यास बंदी. त्याचे कारणही मोठे मासलेवाईक दिले आहे. तुमच्या पंथाचा नियम आम्हांला काही देऊ देत नाही, तेव्हा आमच्या गावाचा नियमही तुम्हांला काही देऊ देत नाही! धर्मयुद्धाच्या काळात, धर्माच्या नावाने जिंकलेल्या शहरात, हे लिहिले गेले आहे.

सार्वजनिक स्नानगृहाचे वार सनदेने ठरवून दिले आहेत. मंगळवार, गुरुवार व शनिवार पुरुषांचे, सोमवार व बुधवार स्त्रियांचे, शुक्रवार व रविवार यहुद्यांचे. एवढ्याशा कलमातून त्या शहराचे जितेजागते चित्र उभे राहते. एकाच हौदाचे पाणी, पण वार वेगळे. तीन धर्मांचे लोक एकत्र राहत होते, म्हणून त्या समाजाला आजच्या अर्थाने सहिष्णु म्हणण्याची घाई काही लेखक करतात, ती गैर आहे. कुएन्काच्याच जातकुळीतली तेरुएलची सनद यहुद्यांना राजाच्या खजिन्याची मालमत्ता ठरवते. यहुद्याला कोणी मारले तर दंड त्याच्या नातेवाइकांना नव्हे, राजाला मिळायचा. काही आरोपांत स्त्रीला तापलेले लोखंड हातात धरून आपले निरपराधित्व सिद्ध करावे लागे. शिवाय ही सारी स्वातंत्र्ये युद्धाच्या पगारादाखल मिळालेली होती. घोडा बाळगणाऱ्याला करमाफी, मोहिमेत जखमी झालेल्याला लुटीतून आधी भरपाई आणि मग उरलेल्याची वाटणी, अशी कलमे पानोपानी आहेत. सरहद्द दक्षिणेला सरकली तशी राजाची निकड कमी झाली आणि त्याच्या हाताची मूठही आवळली गेली.

तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सोने, ज्याला इतिहास ‘विद्वान’ म्हणतो, साऱ्या राज्याला एक कायदा लावण्याचा घाट घातला. त्याचे पंडित रोमन कायद्यात मुरलेले होते आणि गावोगावच्या सनदा त्यांना अडाणी वाटत. १२७२ मध्ये सरदार आणि शहरे बिथरली, तेव्हा त्या विद्वान राजाला जुन्या सनदा पुन्हा मान्य कराव्या लागल्या. अखेर १३४८ मध्ये आल्काला येथे तोडगा निघाला. आधी राजाचे कायदे, त्यांत उत्तर न मिळाल्यास गावाची सनद, आणि तेथेही न मिळाल्यास आल्फोन्सोचा मोठा ग्रंथ. कॅस्टिलमधील सनदांची कथा येथेच संपल्यात जमा आहे. त्या रद्द झाल्या नाहीत, नुसत्या खालच्या पायरीवर बसवल्या गेल्या.

लिहून दिलेला शब्द राजाने मोडला तर त्याला अडवायचे कोणी, या प्रश्नाला कॅस्टिलजवळ उत्तर नव्हते. ॲरागॉनजवळ होते. तेथे ‘हुस्तिसिया’ नावाचा एक अधिकारी असे. राजा आणि सरदार यांच्यातील वाद त्याने ऐकायचे, असे १२६५ मध्ये ठरले आणि पुढे तो सनदांचा अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायाधीश बनला. राजाच्या अंमलदारांनी धरलेला कैदी त्याच्याकडे दाद मागू शके. मग हुस्तिसिया त्या कैद्याला त्यांच्या हातून काढून स्वतःच्या तुरुंगात ठेवी, आणि तेथे त्याचा छळ करण्याची कोणाची प्राज्ञा नसे. ॲरागॉनचे लोक राजाला गादीवर बसवताना, आमचे हक्क पाळशील तर राजा, नाहीतर नाही, असे बजावीत, ही कथा युरोपभर पसरली. ती सोळाव्या शतकात रचली गेली, हे अमेरिकन अभ्यासक राल्फ गीझी याने १९६८ मध्ये दाखवून दिले आहे. पण ज्या देशाबद्दल अशी दंतकथा रचावीशी वाटली, त्या देशात दंतकथेला पोसणारे वास्तवही थोडेफार असलेच पाहिजे.

त्या वास्तवाची कसोटी १५९० मध्ये लागली. दुसऱ्या फिलिपचा चिटणीस आन्तोनियो पेरेस खुनाच्या आरोपावरून अनेक वर्षे कैदेत होता. तो माद्रिदहून निसटला, ॲरागॉनमध्ये आला आणि बापाच्या ॲरागॉनी वंशाच्या आधारे हुस्तिसियाच्या आश्रयाला गेला. पेरेस काही साधुपुरुष नव्हता. राजाची गुपिते मात्र त्याच्याजवळ होती. अर्ध्या जगाचा धनी असलेल्या फिलिपला आपल्याच राज्यातील एका तुरुंगाचे दार उघडता येईना. तेव्हा त्याने इन्क्विझिशनला, म्हणजे धर्मन्यायालयाला, पुढे केले, कारण सनदेची आडकाठी न येणारे तेवढे एकच न्यायालय उरले होते. पेरेसला त्या न्यायालयाच्या कोठडीत हलवताच सारागोसाचे लोक रस्त्यावर आले, १५९१ च्या मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात. पेरेस पळून फ्रान्सला गेला. कॅस्टिलची फौज ॲरागॉनात शिरली. नुकताच बापाच्या मागे हुस्तिसियाच्या पदावर आलेला सत्तावीस वर्षांचा हुआन दे लानुझा याने परकी फौज सनदेविरुद्ध आली आहे असे जाहीर केले आणि तिच्याविरुद्ध लोक जमवण्याचा दुबळा प्रयत्न केला. २० डिसेंबर १५९१ रोजी, कोणताही खटला न चालवता, सारागोसामध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला. फिलिपने सनदा रद्द केल्या नाहीत. पुढच्याच वर्षी तारासोना येथे सभा भरवून हुस्तिसियाला राजा मर्जीप्रमाणे काढू शकेल एवढी दुरुस्ती त्याने करून घेतली. तेवढी पुरेशी होती.

उत्तरेला, बिस्केच्या उपसागराकाठी, बास्क लोकांच्या विस्काया प्रांतात मात्र सनद अधिक काळ टिकली. गेर्निका गावातील ओकवृक्षाखाली प्रांताची सभा भरे आणि नवा राजा सनद पाळण्याची शपथ घेई. १४७६ मध्ये फर्डिनंडने तेथे शपथ घेतली. विस्कायाची सुधारलेली सनद १५२६ मध्ये सिद्ध झाली. राजाचे फर्मान सनदेविरुद्ध असेल तर ते मस्तकी धरावे, पण अंमलात आणू नये, अशी युक्ती तिच्यात होती. विस्कायाच्या माणसाला ओकाखाली पुकारून तीस दिवसांची मुदत दिल्याशिवाय सहसा पकडता येत नसे. येथला प्रत्येक भूमिपुत्र जन्मतःच कुलीन, असाही दावा होता. वरवर पाहता ही समतेची पराकाष्ठा वाटते. पण याच सनदेने धर्मांतरित यहुदी व मुसलमानांच्या वंशजांना प्रांतात वसण्यास मनाई केली. पुढे सभेत बसण्यासाठी कॅस्टिलची भाषा वाचता-लिहिता येण्याची अट आली, आणि केवळ बास्क बोलणारा शेतकरी आपल्याच झाडाच्या सावलीतून बाहेर पडला. अमेरिकेचा भावी अध्यक्ष जॉन ॲडम्स १७८० मध्ये बिल्बाओला आला होता. त्याने या प्रांताच्या स्वातंत्र्याची तारीफ केली, पण सत्ता मोजक्या घराण्यांत अडकली आहे हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

योगायोग असा की, त्याच १५२६ साली या परंपरेची एक फांदी आपल्या किनाऱ्यावर रुजली. पोर्तुगालमध्ये फुएरोला ‘फोराल’ म्हणत. आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी गोव्याच्या तिसवाडी बेटातील गावकऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या, त्या दस्तऐवजाचेही नाव फोरालच. पूर्वी ओसाड असलेल्या बेटावर चार माणसे आली, त्यांनी जमीन लागवडीस आणली आणि त्यांचे वंशज गावकर झाले, अशी हकीकत त्यात आरंभीच आहे. कॅस्टिलच्या सरहद्दीवरील कोणत्याही गावाची ती हकीकत शोभली असती. कोणत्या गावचा मान आधी, सारा कसा वाटून घ्यायचा, हे सारे त्यात आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की येथे सनद मागणारी वस्ती नव्हती. जिंकणाऱ्याने आपला वसूल बिनबोभाट यावा म्हणून आधीच चालत आलेल्या रूढींवर मोहोर उठवली होती. तिसवाडीच्या गावकऱ्यांना पोर्तुगालच्या राजाकडून शपथ घेववण्याचे सामर्थ्य नव्हते. चौदा-पंधरा वर्षांत बेटावरील देवळे पाडली गेली आणि देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. त्यासाठी गावकऱ्यांची संमती घेतल्याची नोंदही रीतसर करण्यात आली.

स्पेनमध्ये सनदांवर खरा घाला पडला तो अठराव्या शतकात. गादीच्या वारसायुद्धात ॲरागॉन, व्हॅलेन्सिया व कॅटालोनिया ऑस्ट्रियाच्या दावेदाराच्या बाजूला गेले. २५ एप्रिल १७०७ रोजी आल्मान्साच्या लढाईत त्यांचा पक्ष हरला आणि २९ जूनला पाचव्या फिलिपने ॲरागॉन व व्हॅलेन्सियाच्या सनदा एका फटक्यात रद्द केल्या. कारणे दोन दिली: प्रजेने बंड केले म्हणून, आणि साऱ्या राज्यांत एकसारखा कायदा असावा म्हणून. कॅटालोनियाची पाळी १७१६ मध्ये आली. परंतु नव्हार आणि बास्क प्रांतांनी त्याची बाजू घेतली होती. त्यांच्या सनदांना त्याने हात लावला नाही. एकसारख्या कायद्याची निकड तेथे त्याला भासली नाही.

एकोणिसाव्या शतकात उदारमतवाद्यांनी हाच समानतेचा आग्रह अधिक प्रामाणिकपणे धरला, हे मान्य केले पाहिजे. १८१२ च्या कादिसच्या संविधानाने साऱ्या देशाला एकच दिवाणी व फौजदारी संहिता असावी असे म्हटले. एका राष्ट्रात एका प्रांताच्या तरुणाने सक्तीने सैन्यात जावे आणि नदीपलीकडच्याने जाऊ नये. एब्रो नदीवर जकातनाके असावेत आणि समुद्रकिनारा मोकळा असावा. हे न्यायाचे कसे? या प्रश्नाला बास्क प्रांतांनी दिलेले उत्तर पुरेसे नव्हते. पण तेही समानतेची किंमत युद्धातच मोजायला लागले. डॉन कार्लोस या दावेदाराच्या झेंड्याखाली बास्क व नव्हारी शेतकरी लढले आणि हरले. नव्हारने १८४१ मध्ये वाटाघाटी करून काही राखले. शेवटच्या कार्लिस्ट युद्धानंतर, २१ जुलै १८७६ च्या कायद्याने, बास्क प्रांतांना सैन्यभरती व कर लागू झाले. जुनी सभा गेली. दोन वर्षांनी सरकारने एक तडजोड केली: कर प्रांतांनीच गोळा करावा आणि ठरलेली रक्कम माद्रिदला पाठवावी.

१९३७ मध्ये २६ एप्रिलला जर्मन व इटालियन विमानांनी गेर्निका जाळले. ओक आणि सभागृह मात्र वाचले. जूनमध्ये बिल्बाओ पडले आणि चारच दिवसांनी फ्रँकोने विस्काया व गिपुस्कोआ या ‘गद्दार’ प्रांतांची ही करव्यवस्था रद्द केली. आलावा आणि नव्हार त्याच्या बाजूचे होते. त्यांची तशीच राहिली. १७०७ आणि १९३७, मध्ये दोनशे तीस वर्षे, आणि हिशेब अगदी तोच. ज्यांना सनदा म्हणजे केवळ जुनाट सवलती वाटतात, त्यांनी या हिशेबाचा विचार करायला हवा. सवलत काढून घेताना सर्वांची काढून घेतली असती, तर ती समानता ठरली असती. हरलेल्याची काढली आणि साथीदाराची ठेवली, तेव्हा तो सूड ठरला. आणि सूडाने गेलेली वस्तू, ती मुळात सवलत असली तरी, लोकांच्या मनात हक्क होऊन बसते.

१९७८ च्या संविधानाने सनदी प्रदेशांच्या ऐतिहासिक हक्कांना संरक्षण दिले. १९८१ मध्ये विस्काया व गिपुस्कोआ यांना करव्यवस्था परत मिळाली. बास्क प्रदेश केंद्राच्या, आपल्याकडे न आलेल्या, खर्चाच्या ६.२४ टक्के आणि नव्हार १.६ टक्के रक्कम देतो. कॅटालोनियाने २०१२ मध्ये तशीच व्यवस्था मागितली तेव्हा ती नाकारली गेली, आणि तेथील राजकारण पुढे कोणत्या थराला गेले हे सर्वविदित आहे. ॲरागॉनमध्ये हुस्तिसिया हे पद नागरिकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी म्हणून पुन्हा निर्माण झाले आहे. घरगुती कायद्यातही सनदा जिवंत आहेत. स्पेनच्या सामान्य दिवाणी संहितेनुसार बापाला मिळकतीचा दोनतृतीयांश भाग मुलांसाठी राखावा लागतो. नव्हारचा बाप मात्र मुलांना पाच जुनी नाणी आणि गावच्या डोंगरातील जमिनीचा एक तुकडा, तेही केवळ शब्दांत, देऊन बाकीचे ज्याला हवे त्याला देऊ शकतो. नाणी अस्तित्वात नाहीत, तुकडाही कोणी मोजून देत नाही. पण त्या शब्दांवाचून मृत्युपत्रात मुलाला वगळल्याचा दोष राहतो.

सर्वांत चमत्कारिक स्थिती व्हॅलेन्सियाची आहे. ॲरागॉनला त्याचा दिवाणी कायदा १७११ मध्ये परत मिळाला, कॅटालोनियाचा फारसा गेलाच नाही. व्हॅलेन्सियाचा गेला तो गेलाच. राहिले ते शेतातले. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दारात आठ कालव्यांचे निवडून आलेले शेतकरी काळे डगले घालून बसतात. पाण्याची चोरी, बुजवलेला पाट, उशिरा उघडलेले दार, अशा तक्रारी ते ऐकतात. वकील नाही, लेखी अर्ज नाही. निकाल तेथल्या तेथे आणि त्यावर अपील नाही. फिर्यादीच कोणी नसला, आणि तसे पुष्कळदा होते, तर कालव्यांची नावे पुकारून सभा उठते. या न्यायासनाला कोणत्याही राजाने हात लावला नाही, कारण त्याच्यावाचून भात पिकले नसते.

२००७ मध्ये व्हॅलेन्सियाच्या विधिमंडळाने पतिपत्नींच्या मिळकतीविषयी स्वतःचा कायदा केला. २०१६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. जो प्रादेशिक कायदा संविधानाच्या वेळी हयात होता तेवढाच जपता व वाढवता येतो, आणि या विषयावरील कोणतीही रूढी व्हॅलेन्सियात तेव्हा हयात असल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. याच न्यायालयाने १९९२ मध्ये शेतजमिनीच्या जुन्या कुळवहिवाटीवरचा व्हॅलेन्सियन कायदा बव्हंशी मान्य केला होता, कारण ती वहिवाट मळ्यांतून अखंड चालत आली होती. १७०७ मध्ये बळाने पुसून टाकलेली गोष्ट १९७८ मध्ये का दिसत नाही, असे विचारण्यासारखे हे झाले. २०२० मध्ये व्हॅलेन्सियाच्या विधिमंडळाने हा दिवाणी कायदा परत मिळावा म्हणून संविधानदुरुस्तीचा प्रस्ताव माद्रिदला धाडला.